सोयरिकीची साखर

आमच्या घरात साखरेचा आजार आधी मुंग्यांनी ओळखला. माझे सासरे गोठ्यामागे लघवीला जात, तिथे मुंग्यांची रांग लागे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेण काढायला गेल्या की त्या रांगेवर राख टाकत. दुसऱ्या दिवशी रांग राखेवरून जायची. त्यांना वाटलं, जवळपास वारूळ झालंय. वारूळ काही सापडलं नाही. सासरे मात्र बारीक होत चालले. तांब्यामागून तांब्या पाणी पीत आणि पुन्हा तहान तहान करत. धोतर कमरेवर ठरेना.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं घर कासारवाडीला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता आणि माझे मालक तिथे कामाला लागले होते. त्यांनीच वडलांना चिंचवडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली, तर ते निळं पाणी विटेच्या रंगाचं झालं. डॉक्टर म्हणाले, "साखर बंद. नाहीतर एक दिवस पाय कापावा लागेल."

मालकांना कारखान्याची पाळी. आत्याबाईंना आजारच मान्य नव्हता. "गोड खाऊन कुनी मेलंय व्हय? मानूस उपासानं मरतं," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मालक मला म्हणाले, "तू चौथी शिकलीयस. आबांच्या खान्यापिन्याचं तू बघ." चौथीच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. पण बघ म्हटलं की बघायचं, एवढंच तेव्हा सुनेला ठाऊक.

साखर बंद करायला कष्ट पडले नाहीत, कारण आमच्याकडे साखर नव्हतीच. एका डब्यात पाव्हण्यांपुरती ठेवलेली असे. आमचा चहा गुळाचा, लापशी गुळाची, भाकरीबरोबर गुळाचा खडा. सासऱ्यांनी डब्याकडे बघून सांगितलं, "आजपासून साखरंला हात लावनार न्हाई." आणि साखर सोडल्याच्या बदल्यात गूळ वाढवला. डॉक्टरांनी साखर म्हटलं होतं, गूळ कुठे म्हटलं होतं? साखर गिरणीतून येते, तिच्यात काहीबाही घालतात. गूळ आपल्या रानातल्या उसाचा. आम्हा सगळ्यांना हे पटलं. गावातही बातमी झाली की यांनी साखर सोडली, तर लोक आठवणीनं त्यांच्यापुढे गुळाची ढेप फोडू लागले.

पुढच्या खेपेला निळं पाणी पहिल्यापेक्षा लाल झालं. मालकांनी गुळाचं सांगितलं तेव्हा डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, गूळ म्हणजे साखरेची आईच की!"

मग खरी अडचण सुरू झाली. सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. ते ओसरीवर बसलेले असत, मी दाराआड उभी राहायची आणि आमच्या मध्ये तांदूळ निवडत बसलेल्या आत्याबाईंना सांगायची.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, आजपासून चहात गूळ नाही."

तिकडून उत्तर यायचं, "तिला सांग, मला जीभ हाय. कळलं ते."

"मामंजींना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तिला सांग, डाक्टरला म्हनावं आमच्या घरी येऊन हा काढा पिऊन दाव."

आत्याबाई कुणालाच काही सांगत नसत. तांदूळ निवडत राहायच्या. दोन्हीकडचं दोन्हीकडे ऐकू जातच होतं. पण समोर उभं राहून चार शब्द बोलायची मुभा नाही, अशा माणसाचा आजार मला सांभाळायचा होता.

जेवणाचं फार अवघड नव्हतं. ज्वारीची भाकरी, भाजी, ताक. माणूस बिघडतो तो मधल्या वेळेला. दुपारी झोपून उठलं की आणि दिवेलागणीला, या दोन वेळांना सासरे गुळासाठी कासावीस होत. लहान मूल रडतं तरी, हे फणकारत. वहाण आपटत, बैलाला शिव्या देत. मी फुटाणे दिले. त्यांच्या दाढा पडलेल्या, फुटाणे तोंडात नुसते फिरायचे. मग फुटाण्यांचं पीठ करून त्यात ताक, जिरं, मीठ घालून दिलं. ते म्हणाले, "तिला सांग, ही कुडाला लिंपायची माती चुकून आत आली." ज्वारीच्या लाह्यांना तिखट-मीठ लावलं, त्या पाखरांना टाकल्या. मुगाचं धिरडं लसूण घालून केलं, ते खाल्लं, पण वर म्हणाले, "आता कायतरी तोंडात टाकायला द्या." तोंडात टाकायला म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं.

शेंगोळी मात्र त्यांना लागू पडली. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, हातावर वळून उकळत्या पाण्यात सोडायचं. ते पाणी घट्ट होतं, झणझणीत लागतं. घाम यायचा त्यांना खाताना. घाम आला की गुळाची आठवण मागे पडते, हे मी तेव्हा शिकले.

आणि दुसरा आवळा. मी आवळ्याच्या फोडी मीठ लावून वाळवल्या होत्या. एक फोड दुपारी पानात ठेवली. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, चोखली, आणि वर पाणी प्याले. मग तांब्यात डोकावून बघितलं.

"अगं, पान्यात काय घातलंस?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

"काय घालू? आडाचं पानी हाय."

"ग्वाड लागतंय की!"

आवळ्यावर पाणी गोड लागतं हे काही नवं नव्हतं, लहानपणी सगळ्यांनीच खेळ केलेला असतो. पण त्या दिवशी ते हसले. पुन्हा एक फोड मागितली, पुन्हा पाणी. तेव्हापासून फोडींची पुरचुंडी त्यांच्या कनवटीला राहू लागली. गुळाची हुक्की आली की आवळा, वर पाणी. लघवीचं पाणी विटेवरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून हिरव्यावर आलं. मुंग्या यायच्या थांबल्या. आत्याबाईंनी राख टाकायचं सोडलं. मला वाटलं, जमलं.

घरातलं जमलं होतं. बाहेरचं माझ्या हातात नव्हतं.

सासरे सोयरिकी जमवायचे. कुणाकडून काही घेत नसत, फक्त मान घेत. माणपासून चाकणपर्यंत कुणाच्या घरात मुलगी वाढतेय, कुणाचा मुलगा लग्नाचा झालाय, सगळं त्यांना पाठ. कारखाने आले तशी त्यांची मागणी वाढली. मुलगा कंपनीत आहे म्हटलं की मुलीचा बाप स्वतः उठून पाणी द्यायचा. पण तो मुलगा खरंच कंपनीत आहे की गेटावरून परत येतो, दारू पितो की नाही, हे बघणार कोण? ते काम सासऱ्यांचं. आणि त्यांनी सगळं बघितलंय याची खूण म्हणजे साखर. बोलणी पक्की झाली की पहिली चिमूट मध्यस्थाच्या तोंडात. त्यानं खाल्ली की त्याचा शब्द पडला, मग दोन्ही बापांनी खायची. आमच्याकडे कागद नसे, सह्या नसत. ती चिमूट हीच सही.

पुनावळ्याच्या एका मुलीसाठी मालकांच्या बरोबर काम करणारा मुलगा ठरत होता. बैठकीला सासरे आणि मालक दोघे जाणार होते. सकाळी मी दाराआडून म्हटलं, "आत्याबाई, मामंजींना सांगा, आज साखर टाळा म्हणावं. सरळ सांगा, डॉक्टरांनी बंद केलीय."

मला वाटलं फणकारतील. पण त्यांना त्या दिवसांत बरं वाटत होतं, तहान गेली होती, पायांत बळ आलं होतं. म्हणाले, "तिला सांग, बघू."

पुढचं मालकांनी सांगितलं. सगळं ठरलं, हुंडा-मानपान झाला, मुलगी पाया पडून गेली. मुलीच्या बापानं साखरेची चिमूट सासऱ्यांच्या तोंडापाशी नेली. सासऱ्यांनी हात आडवा धरला.

"मला नको. डाक्टरनं बंद केलीया."

मुलीचा चुलता कोपऱ्यात बसला होता, तो म्हणाला, "आज बरा डाक्टर आठवला, आबा. थोरल्या पोरीच्या टायमाला मूठ भरून खाल्ली व्हती."

"तवा आजार नव्हता."

"आजार तुमाला हाय का पोराला? मोकळ्यानं बोला."

सासरे गडबडले. आयुष्यात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. गडबडले की त्यांचा हात सवयीनं कनवटीला जायचा. त्यांनी पुरचुंडी सोडली आणि काय करतोय हे कळायच्या आत आवळ्याची फोड तोंडात टाकली. सोयरिकीच्या बैठकीत, साखर नाकारून, सगळ्यांच्या देखत आंबट! मुलीच्या आजीनं आतून "अगं आई गं!" म्हटलेलं मालकांना ऐकू आलं. साखरेचं ताट परत आत गेलं.

"कळवतो," मुलीचा बाप म्हणाला.

आठवड्याच्या बाजारापर्यंत बातमी पसरली होती. पुनावळेकर म्हणत, मुलाला फिट येते, आबांना माहीत होतं म्हणून त्यांनी साखर टाळली. मुलाकडचे म्हणू लागले, मुलीच्या अंगावर डाग असेल, आबांनी तिच्यासाठी टाळली. दोन्ही पोरं धडधाकट. दोघांच्या तोंडाला काळं.

सासरे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शेंगोळीचं ताट आत्याबाईंच्या हाती पाठवलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "तिच्या आवळ्यानं एका पोरीचं लगीन मोडलं."

मी दाराआड होते. माझ्याकडे उत्तर होतं. उत्तर असं की आवळ्यानं मोडलं नाही, माणसांच्या डोक्यांनी मोडलं. आणि तुमचा पाय गेला तर त्यातला कुणी तुम्हाला पाठीवर घेऊन फिरणार नाही. पण हे आत्याबाईंनी सांगायचं होतं, आणि आत्याबाईंनी ताट उचललं. मी चुलीपाशी गेले.

दुसऱ्या दिवशी सासरे पाव्हण्यांच्या डब्यातली साखर पुडीत बांधून एकटेच पुनावळ्याला गेले. मुलीच्या अंगणात उभे राहिले, आजूबाजूची माणसं गोळा होऊ दिली, आणि सगळी पुडी तोंडात रिकामी केली. साखर मिशांवर सांडली म्हणे. मग विचारलं, "आता बसला इस्वास? का पोतं आनू?" सगळे हसले. मुलीच्या बापानं त्यांना मिठी मारली. पुढच्या महिन्यात लग्न लागलं. ती मुलगी पुढे नांदली, मुलंबाळं झाली. ते चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही.

पण त्या दिवसापासून सासऱ्यांनी साखर कधी टाळली नाही. उलट पहिल्यापेक्षा जास्त खायचे. चिमूट पुढे आली की म्हणायचे, "एवढीच? सोयरीक काय चिमटीची हाय?" पुन्हा शंका नको म्हणून. घरी येऊन माझी शेंगोळी खायचे, आवळा चोखायचे, चहा बिनगुळाचा प्यायचे, आणि आत्याबाईंना म्हणायचे, "तिला सांग, पथ्य पाळतोय." खरंच त्यांना तसं वाटत होतं. त्यांच्या हिशेबी सोयरिकीची साखर खाण्यात धरायचीच नव्हती. ती त्यांनी खाल्लेली नसे, ती मुलीच्या बापानं घातलेली असे.

मालकांनी एकदा भांडून बघितलं. "आबा, तुमाला पाय पायजे का मान?" सासरे म्हणाले, "आरं, मानानं फिरायलाच पाय लागतोय. घरी बसायला कशाला?" मालक पाळीला निघून गेले. मुंग्या परत आल्या. आत्याबाईंनी राख टाकायला घेतली.

चाकणहून चालत येताना त्यांच्या वहाणेचा खिळा वर आला आणि अंगठ्यात घुसला. त्यांना कळलंच नाही. ओसरीवर रक्ताची पावलं उमटली तेव्हा आत्याबाई ओरडल्या. त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "कुनाचं रगत हाय?" दुखलं असतं तर बरं होतं.

जखम भरली नाही. हळद झाली, एरंडाचं पान झालं, डॉक्टरांची पट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, रोज सुई टोचायला पाहिजे. सासरे म्हणाले, "रोज सुया टोचायला मी काय गोधडी हाय?" मी गोड पूर्ण तोडायचं म्हणून घरात फळसुद्धा येऊ देईना. सीताफळाचे दिवस होते, पोरांनी आणलेली सीताफळं मी शेजारी देऊन टाकली. पोरं रडली. अंगठा काळा पडला, मग बोटं, मग घरभर वास. शेवटी मालकांनी त्यांना पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथे गुडघ्याखाली पाय काढला.

परत आणलं तेव्हा स्टेशनपासून बैलगाडीत गवत घालून आणलं. माणसं रस्त्यावर उभी होती. सासरे गाडीतून सगळ्यांना हात करत होते, जसं काही वरातीतून येताहेत. आत्याबाई पदर तोंडात धरून आत गेल्या. मी अंथरूण घातलं.

मला वाटलं, आता तरी हा माणूस माझ्या हातात आला. कुठे जाणार? सकाळ-संध्याकाळ मी देईन तेच खाणार. भेटायला येणारे पेढे, केळी, खडीसाखर घेऊन येत, कारण आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. मी दारातच घ्यायची आणि परस्पर वाटून टाकायची. लोक म्हणत, सून खाऊ देत नाही. म्हणू देत. सुईही मालकांनी चालू केली होती, शेजारचा एक कंपाउंडर येऊन टोचायचा. दोन-तीन महिने बरे गेले. हुलगे दळून मी डबा भरून ठेवला होता.

मग माणचे लोक आले. त्यांची मुलगी, आकुर्डीचा मुलगा. दोन्हीकडची मंडळी म्हणाली, आबांना येता येत नाही तर आपण आबांकडे जाऊ. सोयरीक आमच्या ओसरीवर ठरली. सासरे भिंतीला टेकून बसले होते, फेटा बांधून. त्या दिवशी त्यांचा आवाज जुना लागला होता. मुलाला त्यांनी उलटसुलट विचारलं, मुलीच्या बापाला दोनदा गप्प केलं. आजारी माणूस कुठे दिसतच नव्हता. बोलणी संपली आणि कुणीतरी आत हाक मारली,

"सूनबाई, साखर आना!"

आतापर्यंत ही साखर दुसऱ्यांच्या घरची होती. मी दुसऱ्यांच्या घराला शिव्या देऊ शकत होते. आता घर आमचं, डबा आमचा, आणि बैठक ज्या घरी, त्या घरच्या सुनेनं वाटी बाहेर न्यायची. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

"काय करू?"

"माझ्याकडं काय बघतीस? बाहेर मानसं बसल्यात."

डबा उघडला तेव्हा मनात आलं, मीठ न्यावं. तेही पांढरंच. पण आंबटानं काय झालं ते गावानं बघितलं होतं, खारटानं काय झालं असतं कोण जाणे. साखर नाहीच म्हणावं, तर पाव्हण्यांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज बाहेर ऐकू गेलेला. मी वाटीच्या तळाला जेमतेम साखर घेतली. आत्याबाईंनी वाटीत बघितलं आणि आपल्या हातानं आणखी एक मूठ टाकली. "घराची अब्रू जाईल," म्हणाल्या.

मी पदर सारखा करून बाहेर गेले. मुलीची आई उंबऱ्याजवळ बसली होती. तिचे डोळे माझ्या हातातल्या वाटीवर. ती किती घरांतून परत आली असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वाटी मी मुलीच्या बापापुढे धरली. त्यानं बोटांत मावेल तेवढी साखर उचलली आणि सासऱ्यांकडे वळला. सासऱ्यांनी तोंड आधीच उघडलं होतं.

उरलेला पाय त्यांनी पांघरुणाखाली घेतला होता. त्या पायाच्या करंगळीला सकाळी धुताना आत्याबाईंना काळा ठिपका दिसला होता. त्यांनी मला बोलावून दाखवला होता. आम्ही दोघींनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"झालं!" मुलीचा बाप म्हणाला. मंडळी हसली, एकमेकांना साखर भरवू लागली. मुलीच्या आईनं माझा हात धरून दाबला. मी रिकामी वाटी घेऊन आत आले आणि चुलीवर पाणी ठेवलं. दिवेलागण होत आली होती, त्यांना शेंगोळी लागणार होती.